अठ्ठेचाळीसचा भाव

बिलबुकाच्या तीन पानांमध्ये कार्बनचे दोन कागद सरकवून मुर्तिनीने त्यांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि मान वर न करता विचारलं,

"किती लावू?"

काउंटरपलीकडे गावसभेच्या कचेरीतला कारकून उभा होता. त्याने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. नंतर काउंटरवर वाकून, बाईमाणसाला आदराने म्हणतात ते 'बू' लावून म्हणाला, "थोडंसंच, बू. गाडीभाडं सुटेल एवढं."

गाडीभाडं. कारकुनाची कचेरी रस्त्यापलीकडे, वडाच्या झाडामागे होती. इथल्या रुपियात साधा चहासुद्धा हजारांत जाई. मुर्तिनीने बावन्न हजारांचं कागदाचं रीम साठ हजारांनी लिहिलं, दहा रिमांची बेरीज केली, शिक्का मारला आणि वरचं पान फाडून त्याच्यापुढे सरकवलं. पाच लाख वीस हजार रुपिया रोख घेतले, सहा लाखांची पावती दिली. कारकुनाने घडी करून ती खिशात घातली, देवाचं नाव घेतलं आणि रस्ता ओलांडून गेला. तिकडे बघत मुर्तिनीने गार झालेल्या चहाचा घोट घेतला.

साखर कारखान्याच्या या गावात कागद-वह्यांची दुकानं चार होती, पण सरकारी गिऱ्हाईक सगळं को गुनादींच्या, म्हणजे गुनादीदादांच्या, दुकानात येई. कारण मुर्तिनीचं अक्षर. तिने लिहिलेली पावती कुठल्याही फायलीत लावली तरी शोभून दिसे. खाडाखोड नाही, शून्यं सगळी एका मापाची. सव्वीस वर्षं ती त्या उंच स्टुलावर बसून बिलं लिहीत होती. यंत्र तिला लागत नसे. एका नगाच्या दोन किमती, खरी आणि लिहायची, ती डोक्यात एकाच वेळी बेरजेला लावी आणि दोन्हींची उत्तरं एकदमच काढी. खरी बेरीज दिवसाच्या हिशेबाच्या कागदावर जाई, दुसरी बिलबुकात.

गिऱ्हाइकांची नावं तिला लक्षात ठेवावी लागत नसत. वरच्या पैशांना ते जो शब्द वापरत त्यावरून ती त्यांना ओळखे. एकाचं ते 'पेट्रोल' असे, दुसऱ्याचं 'पोरांना खाऊ'. हज करून आलेले एक मुख्याध्यापक होते, त्यांना थेट मागायची लाज वाटे, ते नुसते म्हणत, "गेल्या वेळेसारखंच." सगळ्यांत जास्त किळस तिला त्यांची यायची. जो उघड मागतो तो निदान चोर तरी असतो. जो लाजत मागतो तो चोरही धड नसतो, असं तिचं मत होतं. हाताच्या अंतरावर गल्ल्याशी को गुनादी वर्तमानपत्र वाचत बसत. नव्वद किलोंचा, पांढऱ्या गंजीफ्रॉकातला, मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी कधी मान वर केली नाही. मुर्तिनीच्या लेखी ते या सगळ्यांचे मुकादम होते, फक्त हात मळू न देणारे. आपल्या हाताला लागलेली कार्बनची निळी शाई मात्र तिला कष्टाची वाटे.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, भर दुपारी, एक मास्तर आला. डोंगरावरच्या, लवंगांच्या बागांमधल्या शाळेचा. प्रावोतो नाव. चाळिशीचा असेल. शिक्षकांना देतात तो बातिकचा शर्ट धुऊन धुऊन असा झाला होता की त्यावरची नक्षी आठवून बघावी लागली असती. त्याने शंभर पानी, जाड कागदाच्या वह्या मागितल्या. मुर्तिनीने दोन-तीन वह्या पुढे टाकल्या. त्याने त्या उघडून बोटांत कागद घासून पाहिला, मग खिशातलं खोडरबर काढून एका कोपऱ्यात रेघ मारून खोडलीसुद्धा.

"विकत घ्यायच्या आधी खोडता?" ती म्हणाली.

"आमची पोरं फार खोडतात, बू. स्वस्तातला कागद फाटतो."

पस्तीस डझन हवे होते. बेचाळीस पोरं, प्रत्येकी दहा वह्या. डझनाला साठ हजार, म्हणजे एकवीस लाख. हे उत्तर त्याचं बोलणं संपायच्या आत तिच्याजवळ तयार होतं. तिने कार्बन घातला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"किती लावू?"

मास्तर गोंधळला. प्रश्न कळायला त्याला वेळ लागला, आणि कळल्यावर त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, लावायचे नाहीत, काढायचे आहेत. डझनाला अठ्ठेचाळीस हजार लिहा.

मुर्तिनीने पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, हा काहीतरी नवा प्रकार आहे, आपल्या ध्यानात न आलेला. तिने त्याला खोदून खोदून विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं, एखाद्या पोराने फळ्याशी उभं राहून सांगावं तसं. खेड्यातल्या शाळांना वह्यांसाठी सरकारने दर बांधून दिला होता, डझनाला अठ्ठेचाळीस. तो दर तीन वर्षांपूर्वीचा. त्या भावात मिळतात त्या वह्या पातळ. जास्त भावाची पावती लावली तर अख्खी फाइल परत येते आणि पैसे पुढच्या वर्षावर जातात. म्हणून पावती दराप्रमाणे हवी. वरचे चार लाख वीस हजार तो स्वतः देणार होता.

"तुमचा पगार किती, पाक गुरू?" गुरुजींना हाक मारायची तशी मारत तिने विचारलं.

"कायम झालेलो नाही अजून. साडेचार लाख मिळतात महिन्याला."

त्याने दोन पुडकी काउंटरवर ठेवली. एक बँकेतून आणलेलं, कोऱ्या लाखाच्या नोटांचं. दुसरं रबरबँडमध्ये गुंडाळलेलं, दोन-दोन हजार, पाच-पाच हजार, मऊ पडलेल्या नोटा. ती मोजताना मुर्तिनीच्या बोटांना लवंगेचा वास लागला. सुट्टीच्या दिवशी हा माणूस लोकांच्या बागेत लवंगा खुडतो, हे तिला न विचारता कळलं. तिला त्याची दया आली नाही. चोरांबद्दल वाटे त्याहून मोठी तुच्छता तिच्या मनात दाटून आली. चोर निदान स्वतःच्या घरच्यांचा विचार करतात.

तिने लिहिलं. पस्तीस डझन, दर अठ्ठेचाळीस हजार, एकूण सोळा लाख ऐंशी हजार. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लिहायची बेरीज खऱ्या बेरजेपेक्षा लहान होती, आणि हे लिहिताना पेन जरासं अडखळलं. तिने पान फाडून दिलं. मास्तरने ते हातात धरून प्रत्येक ओळ वाचली, आणि मग ओठ हलवत, बोटांवर मोजत, बेरीज तपासली. दोनदा.

"चुकली का?" मुर्तिनीने विचारलं.

"नाही, बरोबर आहे," तो म्हणाला, आणि तिचे आभार मानून वह्यांचे गठ्ठे मोटरसायकलला बांधायला गेला.

तिची बेरीज आजवर कोणी तपासली नव्हती. लोक फक्त शेवटचा आकडा बघत. हा अपमान तिच्या मनात बरेच दिवस सलत राहिला.

त्यानंतर चार महिन्यांनी, गुरुवारी सकाळी, जिल्ह्याच्या तपासणी कचेरीतले विदाग्दो साहेब दुकानात आले. त्यांना गावात सगळे ओळखत. इस्त्रीची खाकी, बोटात मोठ्या खड्याची अंगठी, आणि बोलणं इतकं नम्र की ऐकणाऱ्याने आधी आपला खिसा चाचपावा. को गुनादींनी त्यांना खुर्ची दिली, थंड चहा मागवला आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं. साहेबांनी खुर्ची ओढून नेमकी मुर्तिनीसमोर लावली, चामडी पिशवीतून फाइल काढली आणि त्यातल्या पावत्या एकेक करून काउंटरवर मांडल्या. सगळ्या तिच्याच अक्षरातल्या. आरोग्य केंद्राच्या, पाणी खात्याच्या, दोन शाळांच्या. शंभर पानी जाड वह्या, डझनाला बहात्तर हजार.

मुर्तिनीने बिलबुक मिटून आपल्याकडे ओढलं. पण साहेबांनी त्या पावत्या तळहाताने एका बाजूला सारल्या.

"ह्यांचं काही नाही. खाली गावातल्या कचेऱ्या-शाळांना पंचाहत्तरपर्यंत मुभा आहे. नियमात बसतं." मग त्यांनी शेवटची पावती मधोमध ठेवली. "हे काय आहे?"

ती मास्तरची होती.

साहेबांनी सावकाश समजावून सांगितलं. प्रावोतो मास्तर यंदा कायम व्हायच्या यादीत आला होता. दहा वर्षं वाट पाहिल्यावर. कागद तपासायचं काम साहेबांकडे होतं. आता या वह्या बाजारात कुठेही साठच्या खाली मिळत नाहीत, हे त्यांनी चौकशी करून पाहिलं होतं. मग मास्तरला अठ्ठेचाळीसने कशा मिळाल्या? साहेबांनी खिशातून गणकयंत्र काढलं आणि तिच्याकडे वळवलं. सोळा लाख ऐंशी हजार भागिले साठ हजार. अठ्ठावीस.

"बरोबर अठ्ठावीस येतात, बू. एक वहीसुद्धा इकडची तिकडे नाही. म्हणजे मास्तरने नेले अठ्ठावीस डझन, आणि लिहून घेतले पस्तीस. सात डझन पोरांच्या नावावर दाखवले आणि कुठेच आले नाहीत. वह्या तर आता भरून रद्दीत गेल्या, मोजायच्या कशा?"

मुर्तिनीला ती मांडणी आवडली, हे तिला कबूल करावं लागलं असतं. इतका स्वच्छ भागाकार क्वचित बघायला मिळतो. तिने चष्मा काढून पुसला.

"वरचे पैसे त्यांनी स्वतः दिले असतील तर?" तिने विचारलं.

साहेब हसले. मोकळेपणाने, खुर्चीत मागे रेलून हसले.

"स्वतःच्या खिशातून? तुम्ही एवढी वर्षं इथे बसता. असा माणूस पाहिलाय कधी?"

हेच तिने म्हटलं असतं. याच स्वरात. आणि 'पाहिलाय' म्हटलं तरी काय होणार होतं? खरा भाव साठ म्हणून सांगितलं की पावती खोटी ठरणार. खोटी पावती लावणारा मास्तर कायम होत नाही, मग त्याने वर दिले की खाली घेतले हे कोणी विचारत नाही. बहात्तरवाले नियमात होते. अडकला होता तो एकटाच. तिला मास्तरचा भयंकर राग आला. इतका साधा माणूस इतक्या कागदांच्या जगात फिरतोच कशाला. आणि बेरीज दोनदा तपासून काय उपयोग झाला त्याला?

"साहेब," ती म्हणाली, "आमचा भावच तो आहे."

"कुठला?"

"अठ्ठेचाळीस. रोख पैसे देऊन, स्वतः माल उचलून नेणाऱ्याला. उधारी नाही, पोचवणं नाही. पस्तीस डझन दिले मी, माझ्या हाताने मोजून."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग को गुनादींकडे बघितलं. वर्तमानपत्र हललं नाही.

मुर्तिनी म्हणाली, तसं लिहून घ्या साहेब, मी सही करते. साहेबांनी तपासणीचा कागद काढला तशी तिने त्याखाली आपला कार्बन आणि एक कोरं पान सरकवलं. साहेबांनी लिहिलं : दुकानात जाऊन खात्री केली, रोखीचा भाव अठ्ठेचाळीस हजार, हरकत नाही. तिने त्याखाली सही केली आणि दुकानाचा शिक्का मारला. एक प्रत दुकानाला लागते, ती म्हणाली. साहेबांनी सही केली. त्यांचं लक्ष आता दुसरीकडेच होतं. ते मनातल्या मनात कसली तरी आकडेमोड करत होते आणि ती कसली, हे मुर्तिनीला त्यांच्या डोळ्यांवरून वाचता येत होतं.

"मग असं करा," ते म्हणाले. "आमच्या कचेरीत पुढच्या महिन्यात शिबिर आहे. ह्याच वह्या चाळीस डझन द्या. रोख देतो, गाडी बाहेर उभी आहे. भाव अठ्ठेचाळीस."

"देते."

"आणि पावती..." ते काउंटरवर वाकले. सगळे वाकतात तसेच. "पावती बहात्तरने."

मुर्तिनीने कोठारातून चाळीस डझन काढून आणवले, गाडीत चढवले, मोजून घेतले. साहेबांनी एकोणीस लाख वीस हजार मोजून दिले. मग ती स्टुलावर चढली, तीन पानांमध्ये दोन कार्बन घातले आणि लिहायला लागली. घाई न करता लिहिलं. कचेरीचं पूर्ण नाव, तारीख, शंभर पानी जाड वह्या, चाळीस डझन, दर अठ्ठेचाळीस हजार. एकूण एकोणीस लाख वीस हजार, आकड्यात आणि अक्षरात. शिक्का मारला आणि पान फाडून दोन्ही हातांनी अदबीने पुढे केलं.

साहेबांनी वाचलं. "चुकलात तुम्ही."

"नाही साहेब. तुम्हीच आत्ता लिहून दिलंत ना, खात्री करून. तुमची सही आहे." तिने दुकानाची प्रत काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर आपला निळा तळहात. "आजच्याच तारखेला त्याच दुकानातून बहात्तरची पावती तुमच्याच कचेरीत गेली, तर तुमच्यावरचे साहेब काय म्हणतील? मला तुमची काळजी वाटते."

दुकानात आणखी तीन-चार माणसं होती. कोणी फुटपट्टी बघत होतं, कोणी लिफाफे. साहेबांचा आवाज शेवटपर्यंत नम्रच राहिला. त्यांनी पावतीची घडी केली, अंगठीचं बोट एकदा काउंटरवर वाजवलं आणि म्हणाले की बू आता थकल्यात, को गुनादींनी यंत्र बसवायला हवं. मग ते गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला.

मुर्तिनीने दिवसाच्या हिशेबाचा कागद ओढला. चाळीस डझनांवर बारा बारा हजार कमी, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. पगारपत्रकात आपल्या नावापुढे तिने तो आकडा 'कपात' म्हणून मांडला आणि पत्रक को गुनादींकडे सरकवलं. महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा गेला होता. शिवाय आणखी काय गेलं होतं, हे तिलाही कळत होतं. साहेब चार कचेऱ्यांत चार शब्द बोलणार, आणि पुढच्या महिन्यापासून ही गर्दी चौकातल्या दुकानात जाणार. डोंगरावरच्या त्या मास्तरला यातलं काहीच कळणार नव्हतं. त्याचं कायम झाल्याचं पत्र येईल, तो ते दोनदा वाचेल, इतकंच.

को गुनादींनी वर्तमानपत्राची घडी घातली. पत्रक वाचलं. तिने लिहिलेला आकडा खोडून त्यांनी त्याच्या जागी निम्मा लिहिला आणि उरलेला निम्मा स्वतःच्या नावापुढे मांडला.

"नको," मुर्तिनी म्हणाली. मालकाची मेहेरबानी तिला नको होती, या मालकाची तर नकोच. आणि ज्या घुश्शात ती सव्वीस वर्षं बसली होती त्याच घुश्शात ती बोलून गेली, "इतकी वर्षं ऐकत होतात ना सगळं. कधी बोलला नाहीत. खोटं लिहू नका, एवढं एकदा म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

को गुनादींनी गल्ल्याचा खण मिटला.

"तुम्ही विचारलं नाहीत कधी," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुमचं आणि गिऱ्हाइकांचं ठरलेलं आहे. त्यात तुमचाही काही हिस्सा असेल."

मुर्तिनीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हे दुखवायला म्हटलं नव्हतं. चहा गार झालाय म्हणावं तसं म्हटलं होतं. सव्वीस वर्षं हा माणूस हाताच्या अंतरावर बसून तिच्याबद्दल हे मानत आला होता आणि तरी दर महिन्याला पगार देत होता, सणाला तेल-साखर देत होता. आपण त्याला जे समजत होतो तेच तो आपल्याला समजत होता. आणि या दोघांत जास्त चूक कोणाची, हे तिला सांगता येईना. एक पैसा घेतला नाही मी, असं ती म्हणणार होती. पैसा घेतला नव्हता. मग फुकटच लिहून दिलं होतं सगळं?

काउंटरशी गिऱ्हाईक उभं होतं. कारखान्याच्या पतपेढीतल्या बाई, ओठांना ताजी लाली, काखेत फाइल. त्यांना हिशेबाची मोठी रजिस्टरं हवी होती, सहा. मुर्तिनीने रजिस्टरं काढली, भाव सांगितला, पंच्याऐंशी हजार नगाला. बाईंनी पैसे मोजून दिले. मग त्या काउंटरवर वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की पावती शंभराने केली तर बरं होईल.

मुर्तिनीने कार्बन घातला. कडा ठोकून सारख्या केल्या. पेन उचललं, आणि मान गल्ल्याकडे वळवली.

"को," ती म्हणाली, "या बाईंनी रजिस्टर पंच्याऐंशीने घेतलं, पावती शंभराने मागताहेत. लिहू का?"

फुटपट्टी बघणारा माणूस वळला. लिफाफेवालाही वळला. बाईंचा हात पर्सच्या चेनवर थांबला.

को गुनादी हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांनी कानामागे तळहात धरला आणि पुढे झुकले.

"ऐकू आलं नाही, बू," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं विचारा."